लघवीत पू आहे, पण जंतू सापडत नाहीत

उन्हाळी लागली म्हणून लघवी तपासली. रिपोर्टमध्ये पस सेल्स भरपूर, कल्चर मात्र 'नो ग्रोथ'. एक अँटिबायोटिक झाले, मग दुसरे. चार दिवस बरे वाटते आणि जळजळ परत येते. असे रिपोर्ट तुमच्या फाईलमध्ये दोन-तीन असतील, तर ही जुनी गोष्ट तुमच्यासाठी आहे.

24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पुढे तो लघवीतही दिसू लागला. पण जननेंद्रियाच्या त्वचेवर राहणारा एक निरुपद्रवी जंतू सूक्ष्मदर्शकाखाली थेट त्याच्यासारखाच दिसतो. म्हणून रुग्णाची लघवी गिनीपिगला टोचायची आणि त्याला क्षय होतो का हे पाहत काही आठवडे थांबायचे, अशी पद्धत पडली.

साध्या कल्चरमध्ये तो का सापडत नाही? लघवीच्या नेहमीच्या संसर्गातला ई. कोलाय 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी 15 ते 20 तास लागतात. आपले कल्चर एक-दोन दिवसांत वाचले जाते. याला खास माध्यमावर सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात.

शस्त्रक्रियेचा इतिहास जास्त क्लेशकारक आहे. 1877 मध्ये मॅक्स नित्से यांनी मूत्राशयात पाहण्याची दिव्याची दुर्बीण दाखवली. पुढे पॅरिसच्या होआकिन अल्बारान यांच्या सुधारणेमुळे प्रत्येक मूत्रपिंडाची लघवी वेगळी काढणे सोपे झाले. मग जे मूत्रपिंड खराब, ते काढून टाकायचे. आजार एकाच बाजूला असतो, असा समज होता. 1926 मध्ये एडगर मेडलर यांनी फुप्फुसाच्या क्षयाने मृत्यू पावलेल्यांची मूत्रपिंडे बारीक काप करून तपासली, तेव्हा क्षयाच्या खुणा दोन्हीकडे मिळाल्या. जंतू फुप्फुसातून रक्तावाटे येतो. तो एकच बाजू कशी निवडेल? तिथे तो वर्षानुवर्षे गप्पही बसतो. म्हणून तरुणपणी झालेला टीबी डॉक्टरांना आवर्जून सांगा, 'तो तर केव्हाच बरा झाला' असे वाटत असले तरी.

1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, 1952 मध्ये आयसोनियाझिड वापरात आले, आणि बहुतेकांचे मूत्रपिंड वाचू लागले. पण एक नवीच अडचण दिसली. मूत्रवाहिनीतली जखम भरताना व्रण आकसतो, नळी अरुंद होते आणि वरचे मूत्रपिंड न दुखता फुगत जाते. औषधे सुरू असताना डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी सांगतात ती यासाठीच. 'आता बरे वाटतेय' म्हणून ती टाळू नका.

शंका असेल तर सकाळची पहिली लघवी निदान तीन दिवस द्यावी लागते, कारण जंतू रोज उतरतातच असे नाही. आता जनुकीय चाचणीचा निकाल काही तासांत येतो. तरी ती निगेटिव्ह आली म्हणजे क्षय नाहीच, असे होत नाही. उलट कल्चरमध्ये ई. कोलाय सापडला तरी क्षय सुटला असे समजू नये. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या क्षयाच्या जंतूलाही थोडे दाबतात, म्हणून त्या मनाने घेऊन तपासणीला जाऊ नका.

आणि टीबीची औषधे सुरू झाल्यावर लघवी केशरी दिसली तर घाबरू नका. तो रिफाम्पिसिनचा रंग असतो.