चलनातून फिरलेल्या नोटांचे संग्रहमूल्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पुणे शहरातील जुन्या घरांत जमाखर्चाच्या वहीत किंवा ट्रंकेच्या तळाशी वापरलेल्या कागदी नोटा अनेकदा सापडतात. वाडा पाडला जाताना त्या जुन्या बाजारात जातात, अथवा 'जुने तेवढे मौल्यवान' या समजुतीने जपल्या जातात. दोन्ही निर्णय बहुधा परीक्षणाविना होतात. वापरलेली नोट जतनास योग्य केव्हा ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इ. स. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे आला. प्रारंभी नोट ज्या सर्कलमधून निघे, त्याच सर्कलमध्ये ती कायदेशीर चलन असे. पुणे मुंबई सर्कलमध्ये मोडत होते. पहिल्या महायुद्धातील चांदीच्या टंचाईमुळे १९१७ मध्ये एक रुपयाची नोट आली. इंग्लंडमधून छापून येणाऱ्या नोटांची छपाई १९२८ मध्ये नाशिक येथे सुरू झाली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेची पहिली नोट १९३८ मध्ये निघाली.

मूल्यनिश्चितीचे निकष :
पहिला निकष दुर्मिळतेचा होय. नोट किती जुनी यापेक्षा तशा किती उरल्या, हे महत्त्वाचे. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजारच्या नोटांपैकी मूल्याने ९९.३ टक्के परत आल्या. सुमारे १०,७२० कोटी रुपयांच्या आल्या नाहीत. त्या सर्व हजारच्याच मानल्या तरी त्यांची संख्या दहा कोटींहून अधिक भरते. म्हणजेच रद्द झालेली नोट दुर्मिळ असतेच असे नाही.

दुसरा निकष अवस्थेचा. विपुल प्रमाणात उपलब्ध नोटेस घडी पडली की संग्राहक तिच्याकडे सहसा वळत नाही, कारण त्यास कोरी प्रत मिळू शकते. याउलट व्हिक्टोरिया राणीच्या चित्राची नोट फाटकी असली तरी मोलाची ठरते. सही, क्रमांकमाला, सर्कल व वर्ष यांमुळे एकाच दर्शनी किमतीच्या नोटांत मोठा फरक पडतो. म्हणून चिंतामणराव देशमुखांच्या सहीची नोट हाती आल्यास केवळ नावावर न जाता तिचा प्रकार तपासावा लागतो.

तिसरा निकष मूळपणाचा. धुतलेली, इस्त्री केलेली वा चिकटपट्टीने जोडलेली नोट वरकरणी नेटकी दिसते. परंतु तिचे मूल्य घटते.

झीज हाही पुरावा :
बाजारभाव व इतिहासमूल्य मात्र एकच नव्हेत. टपालातील चोरी टाळण्यासाठी नोटेचे दोन तुकडे करून ते स्वतंत्रपणे पाठविण्याची पद्धत पूर्वी होती. असे जोडलेले तुकडे प्रतवारीत खाली जातात, परंतु व्यवहाररीतीचे साक्षीदार ठरतात. बँकांच्या टाचण्यांची छिद्रेही अशीच बोलकी आहेत. नोटांच्या गड्ड्यांना पिना मारण्यास रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये मनाई केली. घरच्या जमाखर्चासह सापडलेली नोट तर वहीपासून वेगळी होताच निम्मी मुकी होते.

कायद्याची मर्यादा :
२०१७ च्या कायद्यानुसार २०१६ मध्ये रद्द झालेल्या नोटा एकूण दहापर्यंतच बाळगता येतात. अभ्यास, संशोधन वा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नसून त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये केला. तरीही 'बँकेचे शुल्क' मागून फसवणूक होऊ शकते.

निष्कर्ष :
विपुल व झिजलेली नोट धनलाभाच्या आशेने साठविण्यात अर्थ नाही. दुर्मिळ नोट झिजली म्हणून टाकून देणेही योग्य नाही. नोट विकण्यापूर्वी ती कोणाच्या घरात, कोणत्या कागदांसोबत मिळाली याची नोंद झाली, तर विक्रीनंतरही इतिहासाचा धागा टिकतो. पुण्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम अल्प खर्चात करता येईल. वाडे झपाट्याने नाहीसे होत असता त्यास विलंब परवडणारा नाही.