रेटिनोब्लास्टोमा (दृष्टिपटलाचा कर्करोग)

लहान मुलांच्या दृष्टिपटलातील अपक्व पेशींपासून उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकाला तो होतो. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील असतात.

कारण : तेराव्या गुणसूत्रावरील आरबी१ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यास बहुधा हा रोग होतो. ॲल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये ‘दोन आघातां’चा सिद्धांत याच रोगाच्या अभ्यासातून मांडला. सुमारे ४० टक्के रुग्णांत पहिला आघात, म्हणजे एका प्रतीतील दोष, जन्मतःच असतो. आईवडील निरोगी असले तरी तो मुलात नव्याने निर्माण होऊ शकतो.

लक्षणे : प्रमुख लक्षण म्हणजे बाहुलीत दिसणारी पांढरट झाक. मंद उजेडात ती मांजराच्या डोळ्यासारखी चमकते. फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात एक बाहुली लाल व दुसरी पांढरी दिसल्यास तपासणी करावी. कॅमेऱ्याच्या कोनामुळे किंवा मोतीबिंदूमुळेही असे दिसू शकते. मात्र ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. दुसरे लक्षण तिरळेपणा. सुरुवातीला डोळा सहसा दुखत नाही आणि तान्हे मूल कमी दिसते असे सांगू शकत नाही. त्यातच ‘मोठेपणी तिरळेपणा जाईल’ या समजुतीने मौल्यवान महिने वाया जातात. डोळा लाल होणे, सुजणे किंवा पुढे येणे ही बहुधा रोग वाढल्याची चिन्हे होत.

डॉक्टरांशी बोलताना : झाक कोणत्या डोळ्यात, केव्हापासून व कशा उजेडात दिसते ते सांगावे, छायाचित्रे दाखवावीत. कुटुंबात कोणाला बालपणी डोळ्याचा कर्करोग झाला होता का किंवा कोणाचा डोळा काढावा लागला होता का, हेही सांगावे. तपासताना मूल रडले व दृष्टिपटल नीट दिसले नाही, तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून पुन्हा तपासणी केव्हा होईल, हे विचारून घ्यावे. त्यासाठी काही दिवसांतच नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी.

निदान व उपचार : भूल देऊन दोन्ही डोळे तपासतात, सोनोग्राफी व एमआरआय करतात. सुई टोचल्यास पेशी डोळ्याबाहेर पसरण्याचा धोका असल्याने तुकडा तपासणी सहसा टाळतात. गाठीच्या आकारानुसार लेसर, शीतोपचार, केमोथेरपी किंवा डोळा काढण्याची शस्त्रक्रिया करतात. रोग डोळ्यापुरता असताना उपचार झाल्यास बहुतेक मुले बरी होतात. आनुवंशिक प्रकारात, म्हणजे दोष जन्मतःच असल्यास, पुढे इतर कर्करोगांचा धोका राहतो. म्हणून जनुकीय चाचणी, भावंडांची तपासणी व दीर्घकालीन देखरेख आवश्यक ठरते.