केत्सालच्या पिसांमागचं रान

व्हिएन्नाच्या वेल्टम्युझियममध्ये पिसांचं एक शिरोभूषण जपून ठेवलेलं आहे. उंची ११६ सेंटिमीटर, रुंदी पावणेदोन मीटर. मध्यभागी निळी, गुलाबी, तपकिरी पिसं आणि सोन्याच्या बारीक चकत्या, आणि त्यांच्याभोवती पंख्यासारखी फाकलेली साडेचारशेहून अधिक लांब हिरवी पिसं. लोक त्याला अ‍ॅझ्टेक सम्राट मोक्तेसुमाचा मुकुट म्हणतात. त्यानं तो घातला होता याला पुरावा नाही. १५९६ साली ऑस्ट्रियातल्या अँब्रास किल्ल्यातल्या वस्तूंची यादी झाली, तेव्हा कारकुनानं त्याची नोंद ‘मूर लोकांची टोपी’ अशी केली होती. मेक्सिकोनं १९४० साली त्याची प्रतिकृती बनवून घेतली. मूळ वस्तू परत मिळावी ही मागणी अजून जिवंत आहे.

ती हिरवी पिसं केत्साल या पक्ष्याची. एका नराकडे अशी लांब पिसं दोन, फार तर चार. म्हणजे या एका शिरोभूषणामागे शंभराहून जास्त नर आहेत.

दक्षिण मेक्सिकोतल्या चियापासपासून पश्चिम पनामापर्यंत डोंगरांची एक रांग जाते. तिच्या साधारण १,२०० ते ३,००० मीटर उंचीवरच्या, सतत ढगात बुडालेल्या जंगलात केत्साल राहतो. तो ट्रोगन कुळातला. याच कुळातला कर्णा आंबोलीच्या आणि गोव्यातल्या मोलेच्या रानात दिसतो. तसंच निश्चल बसणं, तशीच लाल छाती, आणि पायाची पहिली-दुसरी बोटं मागे वळलेली, जी ट्रोगनांखेरीज दुसऱ्या कुठल्याच पक्ष्याची नसतात. केत्सालचा पिसारा मात्र कर्ण्याला नाही. हा पिसारा म्हणजे खरी शेपटी नव्हे, शेपटीवरची झाकणपिसं वाढून झालेला असतो. आपल्या मोराचंही तसंच. केत्सालचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेतून उमटतो. म्हणून पक्षी हलला की तो निळसर, सोनेरी होत जातो, आणि पावसाळी उजेडात तोच पक्षी ओल्या पानांत हरवून जातो.

माया राजांनी हा रंग फार लवकर आपलासा केला. आजच्या होंडुरासमधल्या कोपानचं राजघराणं इ.स. ४२६ मध्ये ज्यानं स्थापलं, त्या किनिच याश् कुक् मो या राजाच्या नावातच केत्साल आणि मकाव पोपट आहेत. पुढे अ‍ॅझ्टेकांच्या काळात पिसांचा रीतसर व्यापार उभा राहिला. पोच्तेका नावाचे लांब पल्ल्याचे व्यापारी दक्षिणेकडून ती आणत. जिंकलेल्या सोकोनुस्को प्रांतातून कोको आणि जग्वारच्या कातड्यांसोबत पिसांच्या जुड्या खंडणी म्हणून येत. पिसकाम करणारे कारागीर म्हणजे अमांतेका. बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन साधूनं सोळाव्या शतकात त्यांची कामाची पद्धत तपशिलानं लिहून ठेवली. बारीक पिसं ऑर्किडच्या कंदापासून केलेल्या डिंकानं चिकटवायची, लांब पिसं दोऱ्यानं बांधायची. त्या कारागिरांची वस्ती, त्यांचे देव, त्यांच्या घरातल्या बायकामुलांची कामं, सगळं त्या ग्रंथात आहे. डोंगरात ही पिसं मिळवणाऱ्यांबद्दल मात्र फार थोडं लिहिलं गेलं.

त्यातली एक नोंद बार्तोलोमे दे लास कासास या डोमिनिकन धर्मगुरूची. ग्वाटेमालातल्या व्हेरापास प्रांतात हा पक्षी मारणाऱ्याला देहदंड होता, असं त्यानं लिहिलं आहे. पक्षी पकडायचा, पिसं काढून घ्यायची आणि सोडून द्यायचा, अशी रीत होती म्हणतात. नराला नवा पिसारा दरवर्षी फुटतो, त्यामुळे हिशेब शहाणपणाचा होता. तरी या रीतीला आजच्या अर्थानं निसर्गसंरक्षण म्हणणं घाईचं ठरेल. ट्रोगनांची कातडी इतकी नाजूक असते, की हाताळताना पिसं सहज गळतात. पकडलेल्यांपैकी किती जगत असतील? कायदा पिसांच्या साठ्याचं रक्षण करत होता, आणि त्या काळी भोवतीचं रान अफाट असल्यामुळे तेवढं पुरतही होतं.

युरोपच्या शास्त्रात केत्साल उशिरा शिरला. होसे मारियानो मोसिन्यो हा मेक्सिकन निसर्गशास्त्रज्ञ स्पॅनिश राजाच्या वनस्पती-मोहिमेतून ग्वाटेमालापर्यंत फिरला आणि १८२० मध्ये बार्सेलोनात वारला. त्याचा देशबांधव पाब्लो दे ला यावे यानं १८३२ साली या पक्ष्याचं वर्णन छापलं आणि मोसिन्योचं नाव पक्ष्याला दिलं: फॅरोमॅक्रस मोसिनो. मग नमुन्यांची मागणी सुरू झाली. ऑस्बर्ट साल्व्हिन या इंग्रज पक्षितज्ज्ञानं व्हेरापासमधल्या केत्सालच्या शिकारीचा वृत्तांत १८६१ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात दिला. या वेळी पक्षी सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण संग्राहकाला अख्खं कातडं लागतं.

याच काळात ग्वाटेमालानं केत्सालला राष्ट्राचं चिन्ह केलं. १८७१ मध्ये तो राजचिन्हावर आला, १९२४ मध्ये चलनाचं नावच केत्साल झालं. १५२४ साली स्पॅनिशांशी लढताना किचे योद्धा तेकुन उमान पडला, त्याच्या जखमेवर केत्साल उतरला आणि पक्ष्याची छाती लाल झाली, ही कथा तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पिंजऱ्यात हा पक्षी जगतच नाही, अशीही समजूत आहे. चियापासमधल्या तुश्त्ला गुत्येरेसच्या प्राणिसंग्रहालयात त्याची पिल्लंही वाढली आहेत, तरी स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणून ती समजूत टिकून आहे.

चिन्हाचा मान वाढत असताना रान मात्र कॉफीसाठी, मक्यासाठी, गुरांसाठी तुटत होतं. मारिओ दारी रिव्हेरा या जीवशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात ग्वाटेमालाच्या बाहा व्हेरापासमध्ये केत्सालसाठी राखीव जंगल उभं केलं. सान कार्लोस विद्यापीठाचे कुलगुरू असताना, १९८१ च्या डिसेंबरात, त्यांची हत्या झाली. ते रान आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. यादवी युद्धात होरपळणाऱ्या देशात एका पक्ष्यासाठी जंगल राखण्याची त्यांची जिद्द फार मोठी वाटते.

केत्सालला नेमकं काय लागतं, हे मात्र हळूहळू, कित्येक वर्षांत कळत गेलं. अलेक्झांडर स्कच यांनी कोस्टारिकात घरट्यांसमोर तासन् तास बसून १९४४ मध्ये त्याचा जीवनक्रम मांडला. कुजत आलेल्या खोडात चोचीनं ढोली करायची, त्यात सहसा दोन फिकट निळी अंडी. नरही उबवायला बसतो, आणि तेव्हा त्याची लांब पिसं पाठीवरून वळून ढोलीबाहेर डोलत असतात. मेलेलं खोड कुणी सरपणाला नेलं की पुढच्या वर्षीचं घरटं गेलं. नथॅनिएल व्हीलराइट यांनी १९८३ मध्ये कोस्टारिकातल्या मोंतेव्हेर्देचा अभ्यास छापला. त्यात दिसलं, की हा पक्षी मुख्यतः लॉरेसी कुळातल्या झाडांच्या फळांवर जगतो. दालचिनी आणि तमालपत्र याच कुळातले. त्याच्या आवडीची फळं म्हणजे छोटे रानटी ॲव्होकाडो. तो ते अख्खे गिळतो, गर पचवतो आणि मोठी बी ओकून टाकतो. ती पडते तिथे नवं झाड उगवू शकतं.

ही झाडं सगळीकडे एकाच वेळी फळत नाहीत. जॉर्ज पॉवेल आणि रॉबिन ब्यॉर्क यांनी मोंतेव्हेर्देतल्या केत्सालांना रेडिओ-यंत्रं बांधली आणि १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विणीनंतर पक्षी पॅसिफिक बाजूच्या उतारावर खाली जात, काही महिन्यांनी डोंगरमाथा ओलांडून अटलांटिक उतारावर उतरत आणि जानेवारीच्या सुमारास पुन्हा वर येत. मोंतेव्हेर्देचं राखीव जंगल १९७२ मध्ये स्थापन झालेलं, जगभर नावाजलेलं. पण ते होतं डोंगरमाथ्यावर. केत्सालचं निम्मं वर्ष त्याच्या हद्दीबाहेर जात होतं, आणि पॅसिफिक बाजूला तिथे दुधाळ गुरांची कुरणं आणि कॉफीचे मळे यांच्यामध्ये रानाचे तुकडेच उरले होते.

अटलांटिक बाजूचं बरंच जंगल त्या सुमारास वाचवलं गेलं. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या शाळकरी मुलांनी पैसे जमवून सुरुवात केली, आणि त्यातून उभं राहिलेलं ‘मुलांचं चिरंतन पर्जन्यवन’ आज वीस हजार हेक्टरांहून मोठं आहे. पॅसिफिक उतार खासगी मालकीचा, म्हणून तिथलं काम सावकाश चाललं आहे. रोपवाटिकांत रानटी ॲव्होकाडोची रोपं वाढवायची, शेतकऱ्यांना द्यायची, कुरणांच्या कडेनं लावायची, असा तो उद्योग आहे. दरम्यान मोंतेव्हेर्देत धुक्याविना जाणारे दिवस वाढल्याचं १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. खालच्या गरम रानातला इंद्रधनुषी चोचीचा टूकन आता वर येऊन केत्सालच्या शेजारी घरटं करू लागला आहे, आणि टूकन दुसऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लंही खातात.