स्टेंटोर : पन्नास माणसांच्या आवाजाचा माणूस

१/ इंग्रजीत अतिशय मोठ्या, दूरवर पोहोचणाऱ्या आवाजाला 'स्टेंटोरियन' हे विशेषण लावतात. हे विशेषण एका माणसाच्या नावावरून आले आहे. त्या नावाचा माग काढत गेले, की राज्य किती मोठे असावे या प्राचीन प्रश्नापर्यंत आपण पोहोचतो. 🧵

२/ होमरच्या 'इलियड'चा पाचवा सर्ग. अकिलीस रागावून युद्धापासून दूर बसला आहे आणि ग्रीक सैन्य मागे रेटले जात आहे. अशा वेळी हेरा देवी स्टेंटोरचे रूप घेऊन ग्रीकांची निर्भर्त्सना करते. अकिलीस लढत असताना जे ट्रोजन वेशीबाहेर पडायला धजत नव्हते, ते आता गलबतांपर्यंत येऊन भिडले आहेत, याची ती त्यांना लाज आणून देते.

३/ हा स्टेंटोर कोण? त्याचा कंठ ब्राँझचा होता आणि त्याची आरोळी इतर पन्नास माणसांच्या आरोळीएवढी होती, इतकेच होमर सांगतो. त्याचे कूळ, गाव, पराक्रम यांचा उल्लेख नाही. संपूर्ण महाकाव्यात त्याचे नाव पुन्हा येतही नाही. एका ओळखीच्या बळावर हा माणूस अडीच हजार वर्षांहून अधिक काळ भाषेत टिकून राहिला.

४/ नावाची व्युत्पत्तीही बोलकी आहे. ग्रीकमध्ये 'स्टेनो' या क्रियापदाचा अर्थ कण्हणे, हुंकारणे. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध संस्कृतातील 'स्तन्' (गर्जना करणे) या धातूशी जोडतात. मेघगर्जनेसाठी संस्कृत कवी वापरतात तो 'स्तनित' हा शब्द याच धातूचा. स्टेंटोर म्हणजे 'गरजणारा'.

५/ होमरने त्याचे पद सांगितले नाही, पण पुढच्या परंपरेने त्याला राजघोषक ठरवले. 'इलियड'च्या प्राचीन टीकाकारांनी एक कथा नोंदवली आहे : घोषकांचा देव हर्मीस याच्याशी त्याने आवाजाची स्पर्धा केली आणि त्यात त्याचा अंत झाला.

६/ घोषकाचे काम किरकोळ नव्हते. अथेन्सच्या लोकसभेत 'कोणाला बोलायचे आहे?' ही विचारणा घोषकच करी. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीच्या मोहिमेवर निघालेल्या आरमाराने पिरेअस बंदरात प्रार्थना केली. ती प्रत्येक गलबतावर स्वतंत्रपणे न होता एका घोषकामागोमाग सर्वांनी मिळून म्हटली, असे थुसिडिडीसने लिहून ठेवले आहे.

७/ म्हणूनच ॲरिस्टॉटलला स्टेंटोर आठवला. 'पॉलिटिक्स'च्या सातव्या खंडात तो नगरराज्याच्या आकाराची चर्चा करतो. लोकसंख्या बेसुमार वाढली, तर एवढ्या लोकांचा सेनापती कोण होणार? आणि स्टेंटोरचा कंठ नसेल, तर त्यांचा घोषक तरी कोण होणार? थोडक्यात, नागरिकांना एकमेकांची ओळख हवी आणि घोषकाची हाक सर्वांच्या कानी पडायला हवी. राज्याची हद्द ठरवताना आवाजाची पोच हेही एक माप होते.

८/ ही अडचण काल्पनिक नव्हती. इ.स.पू. १९६ मध्ये कोरिंथजवळच्या इस्थमियन क्रीडामहोत्सवात रोमन सेनापती फ्लामिनिनस याच्या वतीने घोषकाने ग्रीक नगरांना स्वातंत्र्य दिल्याचे जाहीर केले. पहिल्या वाक्यांनंतर एवढा कल्लोळ झाला, की अनेकांना पुढचे ऐकूच आले नाही आणि घोषणा पुन्हा करावी लागली. त्यानंतरच्या जयघोषाने वरून उडणारे कावळे खाली कोसळले, असे प्लुटार्क सांगतो.

९/ पण ध्वनिवर्धक नसताना एक माणूस किती जणांपर्यंत पोहोचू शकतो? याचे उत्तर अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने शोधले. जॉर्ज व्हाइटफील्ड हा इंग्रज धर्मोपदेशक फिलाडेल्फियात न्यायालयाच्या पायऱ्यांवरून प्रवचन देत होता. फ्रँकलिन रस्त्याने नदीच्या दिशेने मागे मागे सरकत गेला आणि शब्द कुठपर्यंत स्पष्ट ऐकू येतात, ते त्याने पाहिले.

१०/ त्या अंतराएवढ्या त्रिज्येचे अर्धवर्तुळ कल्पून त्याने प्रत्येक श्रोत्याला दोन चौरस फूट जागा दिली. हिशेब आला तीस हजारांहून अधिक! वृत्तपत्रांतील पंचवीस हजारांच्या गर्दीच्या बातम्या त्याला पटल्या. एवढेच नव्हे, तर संपूर्ण सैन्यापुढे भाषण करणाऱ्या प्राचीन सेनापतींच्या ज्या कथांविषयी त्याला शंका होती, त्याही शक्य वाटू लागल्या. अर्थात ही कमाल मर्यादा होती, आणि व्हाइटफील्डसारखा कंठ विरळाच.

११/ यंत्रांनी ही मर्यादा हळूहळू ओलांडली. १६७१ मध्ये सॅम्युअल मोरलंडने आपल्या बोलण्याच्या कर्ण्याला स्टेंटोरचेच नाव दिले. पुढे १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये विजेच्या ध्वनिवर्धकावरून प्रचंड जनसमुदायाशी बोलले. ॲरिस्टॉटलच्या प्रश्नाचे उत्तर आता एका तारेत होते.

१२/ शेवटी भाषांतराविषयी. 'स्टेंटोरियन'साठी 'कर्णकर्कश' हा प्रतिशब्द चुकीचा ठरतो. 'कर्णकर्कश' किंवा 'कानठळ्या बसवणारा' हे शब्द ऐकणाऱ्याचा त्रास सांगतात. 'स्टेंटोरियन' बोलणाऱ्याचे सामर्थ्य सांगतो. त्याला जवळचे मराठी शब्द 'खडा', 'खणखणीत' आणि शाहिरांसाठी हमखास वापरला जाणारा 'पहाडी'. शाहीर अमर शेख यांचा आवाज पहाडी होता असे म्हणताना मराठी माणूस तक्रार करत नसतो. हजारोंच्या सभेत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द ऐकू आले, याची तो दाद देत असतो.