सातूचे मोड, सरकारचे माप

माझ्या लहानपणी उन्हाळ्यात घरी नाचणीचे सत्त्व होत असे. नाचणी रात्रभर भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करून डब्यात भरायची. या कामात सरकारचा काय संबंध, असे कुणी विचारले असते तर आई हसली असती. पण धान्याला मोड आणण्याच्या याच साध्या कृतीवर इंग्लंडमध्ये १६९७ पासून १८८० पर्यंत, म्हणजे एकशे त्र्याऐंशी वर्षे, सरकारची नजर होती. आज मी त्याच कराची आणि त्यापायी मोडलेल्या एका घरगुती विद्येची हकिगत सांगणार आहे.

तिथे नाचणीच्या जागी होते सातू, म्हणजे बार्ली. सातूला मोड आणून ते भट्टीत सुकवले की त्याचा माल्ट होतो. माल्ट, पाणी, यीस्ट आणि कडवटपणासाठी हॉप्स नावाच्या वेलीची फुले, एवढ्या चार गोष्टींतून बिअर तयार होते. हॉप्समुळे ती टिकतेही. बिअर म्हटले की आपल्याला दुकानातली बाटली आठवते. पण अठराव्या शतकातल्या इंग्रज खेड्यात ती घरात बनणारी गोष्ट होती आणि बनवण्याचे काम मुख्यतः बायकांचे होते. त्यातली सौम्य बिअर तर रोजच्या पिण्याची. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्याच्या शिदोरीबरोबर ताक असते ना, साधारण तीच तिची जागा.

विकण्यासाठी केलेल्या बिअरवर कर होताच. घरच्यासाठी केलेल्या बिअरवर मात्र तो बसत नव्हता, कारण घराघरांतल्या चुलीपुढे कारकून कसा बसवणार? सरकारने वेगळा मार्ग काढला. तयार पदार्थ हाती लागत नसेल तर कच्चा माल धरायचा. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या काळात, १६९७ मध्ये, माल्टवर कर आला. आठ गॅलनच्या, म्हणजे सुमारे छत्तीस लिटरच्या, एका बुशेलला सहा पेनींहून थोडा अधिक. १७११ मध्ये हॉप्सवर पौंडाला एक पेनी बसली. १७२५ मध्ये माल्टचा कर स्कॉटलंडात वसूल होऊ लागला, तेव्हा ग्लासगोत दंगल उसळली. कराच्या बाजूने मत दिल्याच्या संशयावरून तिथल्या खासदाराचे घर लोकांनी फोडले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. खासदाराला पुढे शहराकडून भरपाई मिळाली. कर राहिला तो राहिलाच.

युद्धासाठी आणलेले कर युद्धाबरोबर जात नाहीत, हा अनुभव जगभरचा आहे. नेपोलियनशी लढाई सुरू असताना, १८०४ मध्ये, माल्टवरचा कर बुशेलला जवळजवळ साडेचार शिलिंगांवर गेला. पुढे तो कमीजास्त होत १८२२ मध्ये दोन शिलिंग सात पेनींवर आला. ऐकायला ही रक्कम लहान वाटते. पण तेव्हा दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला नऊ-दहा शिलिंग मिळत. म्हणजे एक बुशेल माल्ट घरात आणायचा तर नुसत्या करापोटी आठवड्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा जाई. सातूची आणि हॉप्सची किंमत वेगळीच.

मग मजुराने स्वतःच्या परड्यातल्या सातूला घरीच मोड आणले तर? तीच तर मेख होती. माल्ट करणाऱ्याला परवाना लागे. धान्य कधी भिजवणार याची वर्दी द्यावी लागे. भिजवण्याच्या हौदातले आणि बाहेर काढून रचलेले धान्य अधिकारी मापपट्टी घेऊन मोजत असे. एवढा व्याप एखाद्या झोपडीला परवडणार कसा? सातू स्वतःचा, पाणी विहिरीचे, हात बायकोचे. पण मोड आले की तो गुन्हा, अशी गत झाली.

यातला अन्याय नेमका ओळखला विल्यम कॉबेट या पत्रकाराने. तो स्वतः शेतकरी कुटुंबातला. १८२१-२२ मध्ये त्याने ‘कॉटेज इकॉनॉमी’ नावाचे छोटे पुस्तक भागाभागाने छापले. बिअर कशी करावी, पाव कसा भाजावा, गाय आणि डुक्कर कसे पाळावे, असे गरिबाच्या प्रपंचाचे धडे त्यात आहेत. सुरुवातीलाच बिअर आहे. आपल्या तरुणपणी मजुरांच्या घरोघरी बिअर होत असे आणि आता ती जवळपास बंद पडली, असे तो लिहितो. याचे खापर तो माल्ट आणि हॉप्सवरच्या करांवर आणि घसरलेल्या मजुरीवर फोडतो. बिअरची जागा घेणाऱ्या चहावर तर त्याचा भारी राग. चहाला लागणारे सरपण, साखर, दूध, वेळ असा सगळा हिशेब मांडून, वर्षाकाठी चहाच महाग पडतो, असे त्याने दाखवले. हा हिशेब थोडा ओढूनताणून केलेला आहे, हे मान्य करावे लागेल. पण त्याला एक गोष्ट दिसली होती: चहा विकतच घ्यावा लागतो, तो परड्यात पिकत नाही. तो चीनमधून ईस्ट इंडिया कंपनी आणत असे आणि त्यावरही सरकारचा कर होताच.

सगळा दोष एकट्या कराचा नव्हता. गावांची सामाईक राने आणि कुरणे कुंपण घालून खासगी मालकीची झाली, तेव्हा गरिबाचे सरपणही गेले. आणि बिअर करायला तासन् तास पाणी तापवावे लागते. दुसरीकडे मोठे कारखाने उभे राहिले, ते घाऊक भावाने माल घेत. कच्चा माल महागला की पहिला धक्का सर्वांत लहान गिऱ्हाइकाला बसतो. बड्या जमीनदारांची गोष्ट निराळी होती. त्यांच्या वाड्यात घरचीच बिअर बने, त्यामुळे विक्रीच्या बिअरवरचा कर त्यांना लागत नसे. घरी करणे परवडत नाही म्हणून गुत्त्यात जाणारा मजूर मात्र माल्टचा आणि बिअरचा असे दोन्ही कर भरत असे.

१८३० मध्ये सरकारने बिअरवरचा कर काढला, माल्टवरचा ठेवला. म्हणजे सूट विकत घेणाऱ्याला मिळाली, घरी करणाऱ्याला नाही. हॉप्सवरचा कर १८६२ मध्ये गेला आणि शेवटी १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टचा कर रद्द करून तयार होणाऱ्या बिअरवर कर बसवला. घरी करणाऱ्यांना आता परवाना घ्यावा लागला. पण तोवर दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या. आजीने आईला आणि आईने लेकीला दाखवायचे, अशी ती विद्या होती. पाणी किती तापले हे वाफेवरून ओळखायचे, यीस्ट एका खेपेहून दुसऱ्या खेपेसाठी राखायचे. घरातली भांडी विकली गेली, दाखवणारी म्हातारी गेली, मग कर उठून काय उपयोग?

हीच युक्ती पुढे आपल्या दारातही आली. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला, ताडीच्या झाडांवरचा कर वाढला आणि ठाण्याकडच्या भंडारी समाजाने त्याविरुद्ध आवाज उठवला. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आले. फुलापासून दारू होते हे खरेच. पण रानातला माणूस ते फूल खातही होता. मला दारूची भलामण करायची नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण हे कायदे पिणे थांबवण्यासाठी कमी आणि पिणारा सरकारी ठेक्याच्या दुकानात यावा यासाठी जास्त होते, हे विसरून चालणार नाही.

इंग्लंडमध्ये घरगुती बिअरचा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, अमेरिकेने १९७८ मध्ये तशी मुभा दिली. बिअर घरात परत आली, पण गरज म्हणून नव्हे, हौस म्हणून. त्या हौशी मंडळींनाही २००७-०८ मध्ये जुना धडा नव्याने मिळाला. आधीची काही वर्षे हॉप्सचे भाव पडलेले होते, म्हणून शेतकऱ्यांनी वेली उपटल्या होत्या. २००६ मध्ये अमेरिकेत याकिमा येथे हॉप्सच्या गोदामाला आग लागली, युरोपात पीक कमी आले आणि भाव एकदम भडकले. ऑस्ट्रेलियातल्या दुष्काळाने सातूही महागला. मोठ्या कारखान्यांचे करार आधीच झालेले होते. किलो-अर्धा किलो घेणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले आले, तेही चढ्या दराने. या वेळी कर नव्हता, तरी मार खाणारा तोच होता. फरक इतकाच, की हौस महागली तर माणूस थांबू शकतो. कॉबेटच्या काळातल्या मजुराचे रोजचे पेय गेले होते.

आमच्या घरी आता नाचणीचे सत्त्व पाकिटातून येते. त्यावर कुणी कर बसवून आम्हाला अडवले नव्हते, आम्हीच सोयीसाठी सोडून दिले. गेल्या वर्षी पाकिटाची किंमत पाहून मी म्हटले, घरीच करू या. नाचणी आणली, भिजवली. पण मोड आलेली नाचणी किती वाळवायची आणि कितपत भाजायची, हे सांगायला घरात कुणी उरले नव्हते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)