पिंजाऱ्याचा इतिहास कुणी लिहायचा?

इतिहास म्हटला की आम्ही सुलतानांच्या मकबऱ्यांपाशी जाऊन उभे राहतो. बीडजवळ तर मुहम्मद तुघलकाच्या दाताची कबरदेखील दाखवतात. पण याच जिल्ह्यात खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव हिंडणाऱ्या पिंजाऱ्याची नोंद आम्ही कुठे ठेवली?

वापरून वापरून गादी दबते, कापसाच्या गुठळ्या होतात. पिंजारी ती उसवी, पिंजणाची तात कापसाला टेकवून तिच्यावर लाकडी मुठीने ठोका देई. तातीच्या थरथरीने तंतू सुटे होत, धूळ खाली गळे आणि टाकाऊ झालेला कापूस पुन्हा फुलून येई. गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात कापूस पिके, तरी गरिबाघरी मूठभरही वाया जात नसे. जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधड्या बायाबापड्या शिवत. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या गाठोड्यात त्या आजही असतात. टाकाऊतून टिकाऊ हा धडा आज जगाला नव्याने शिकवला जातो. आमच्या मोहल्ल्यांत ती रोजीरोटी होती.

या धंद्याला मोठी परंपराही आहे. अरबीत 'हल्लाज' म्हणजे कापूस पिंजणारा. इ.स. ९२२ मध्ये बगदादला देहदंड झालेल्या मन्सूर हल्लाज यांच्याशीच मन्सुरी म्हणवणारे पिंजारी आपले नाते सांगतात. 'नद्दाफ' या शब्दाचा अर्थही तोच.

पुढे विजेवरची यंत्रे आली, फोमच्या गाद्या आल्या. पिंजण माळ्यावर गेले. धंदा गेला तो गेला, पण त्याचा पुरावाही गेला. महाराष्ट्रात पिंजारी इतर मागासवर्गात मोडतात. मात्र दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते. शाळेच्या जुन्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य, दफ्तर उर्दूत. ते वाचणारे घरात उरले नाहीत. मग पोराचा प्रवेश अडतो.

दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांचा कागद करणारे आमचेच कारागीर होते. कागद आम्ही केला, पण त्यावर आमचा धंदा कुणी नोंदवला नाही. पिंजण चालवलेले म्हातारे अजून काही गावांत आहेत. त्यांच्याजवळ बसून, तारीख-गावासह आपणच हे लिहून काढले पाहिजे. मकबरे कुठे जात नाहीत. ही माणसे चालली आहेत.