‘ध’ चा ‘मा’ आणि एक नुक्ता

मजकुरातला एखादा शब्द फिरवून अर्थाचा अनर्थ केला की मराठीत ‘ध चा मा केला’ म्हणतात. आम्ही कामठीत उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. हा वाक्प्रचार त्यांना समजावताना फारसे कष्ट पडत नाहीत. ‘खुदा’ लिहिताना वरचा नुक्ता खाली घसरला की ‘जुदा’ होते, हे ती आधीच जाणून असतात.

कथा सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. त्यांनी पुतण्याला ‘धरावे’ असे लिहून दिले होते, पत्नी आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, असे सांगतात.

हे सांगितले कोणी? ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत आहे, आणि तो ग्रंथ १८२६ सालचा, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी छापलेला. आपण फक्त धरण्याचा हुकूम दिला होता, असे रघुनाथरावांनी रामशास्त्री प्रभुण्यांजवळ कबूल केले; शास्त्र्यांनी तो कागद मिळवला, तर त्यात शब्द बदललेला निघाला, असे डफ लिहितो. बदल आनंदीबाईंनी केला, याला त्याच्याजवळ लोकसमजुतीखेरीज आधार नाही. बाईंना दूषण द्यायला मात्र तो विसरत नाही.

म्हणजे ‘धरावे’ हा शब्द मुळात आरोपीच्या तोंडचा आहे, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. ही कथा मान्य केली की रघुनाथरावांचा गुन्हा कैद करण्यापुरता उरतो आणि खून बायकोच्या नावावर चढतो. खुद्द रामशास्त्र्यांनी तसे मानले नाही. त्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावांना. न्यायाधीशाचा निवाडा नवऱ्यावर, भाषेचा निवाडा बायकोवर! खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ नाटक (१९०९) आणि प्रभातचा ‘रामशास्त्री’ चित्रपट (१९४४) याच प्रकरणावरचे. आनंदीबाई १७९४ साली वारल्या. तोहमत त्यांच्यामागे राहिली.

मास्तरकीच्या सवयीने आम्ही अक्षरही तपासले. ‘धरावे’तल्या ध चा नुसता म केला तर ‘मरावे’ होते. ‘मारावे’ व्हायला वर एक काना हवा. म्हणून तर वाक्प्रचारात ‘म’ नाही, ‘मा’ आहे. शिवाय त्या काळचा व्यवहार मोडीतला. देवनागरीत ध आणि म सारखे दिसतात म्हणून काही सिद्ध होत नाही.

गारदी म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर मुसलमान शिपाई उभा राहतो. या कटातल्या म्होरक्यांत महंमद इसाफ होता, तसेच सुमेरसिंग, खरकसिंग आणि तुळाजी पवारही होते. आणि बारा वर्षांपूर्वी, १७६१ साली, पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढून जीव देणारा इब्राहिमखानही गारदीच होता.

आमच्या नागपूरकडेही हीच आग होती. जानोजी भोसल्यांच्या मागे साबाजी आणि मुधोजी या भावांत वारसाचा तंटा पेटला. मुधोजी रघुनाथरावांच्या पक्षाचे. १७७५ साली नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींनी साबाजींना गोळी घालून ठार केले. तिथे दोष ढकलायला कुणाच्या बायकोने फिरवलेले अक्षर नव्हते. त्या लढाईवरून मराठीत एकही वाक्प्रचार आम्हाला सापडला नाही.